फोटोपुरती चावी

मी चावी बोलतेय. कुलूप कुठाय म्हणून विचारू नका, मला कुलूप नाही. माझी उंची चौथीतल्या पोरीएवढी, अंग सनबोर्डचं, म्हणजे फोमच्या हलक्या पुठ्ठ्याचं, त्यावर सोनेरी कागद आणि पोटावर लाल अक्षरांत 'अभिनंदन'. कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेतीच्या मशिनींचं एक शोरूम आहे. तिथे कोणी ट्रॅक्टर घेवो, पॉवर टिलर घेवो नाहीतर भात झोडायची मशीन घेवो, मला त्याच्या हातात देतात, फोटो काढतात आणि परत काढून घेतात. एवढंच माझं आयुष्य होतं. नंतर थोडं बदललं, तेच सांगायला बसलेय.

जन्म माझा ठाण्याचा. वर्तकनगरला फ्लेक्स छापायचं एक दुकान आहे, तिथल्या निशाने मला कॉम्प्युटरवर काढलं. शोरूमचा मालक हर्षित तिच्या शेजारी उभा होता. निशाने विचारलं, "दात कसे देऊ?" तो म्हणाला, "फोटोत दिसतील असे दे." माझ्याच बोर्डच्या उरलेल्या तुकड्यावर मग एका भाऊंच्या वाढदिवसाचा चेहरा छापला. म्हणजे नात्याने ते माझे सख्खे भाऊ. सध्या ते माजिवड्याच्या नाक्यावर खांबाला बांधलेले असतात असं ऐकून आहे.

शोरूममध्ये माझी जागा दाराच्या मागे. शेजारी खुंटीला फेटा. तो आधीच बांधून शिवलेला, टोपीसारखा गिऱ्हाइकाच्या डोक्यात घालायचा आणि फोटो झाला की उतरवायचा. त्याला अजून कोणी धुतलेलं नाही. आम्ही दोघं तिथे का, तर कंपनीच्या ॲपचा नियम. गिऱ्हाईक, मशीन, फेटा आणि चावी हे चौघं एका फोटोत दिसले तरच मशीन दिली असं कंपनी धरते. नाही दिसले, तर ती मशीन हर्षितच्या नावावर लागत नाही. आता पॉवर टिलर हा हँडल मारून सुरू होतो, त्याला मुळात चावीच नसते. पण कंपनीतल्या ज्या माणसाने नियम केला, त्याला हे कोणी सांगितलेलं दिसत नाही.

हर्षित वाईट माणूस नाही. मशीन विकेपर्यंत तर त्याच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. गिऱ्हाईक आलं की सोफा, थंडगार सरबत, पंखा त्याच्याकडे वळवलेला. तेच गिऱ्हाईक मशीन घेऊन पुन्हा आलं की त्याला स्टूल. स्टूल पार्टच्या काउंटरजवळ आहे आणि पार्टच्या काउंटरवर बहुतेक वेळा कोणी नसतं. एकाच माणसाला मी सोफ्यावरही पाहिलंय आणि स्टुलावरही. चेहरा ओळखू येत नाही.

फोन घेते ती हेमाली. पोरगी गोड आहे, कोणावर आवाज चढवत नाही. मेकॅनिक कधी येणार असं कोणी विचारलं की ती सांगते, "माणूस निघालाय." हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो माणूस, म्हणजे गोमाजी मेकॅनिक, माझ्यासमोर मांडी घालून वाटाण्याची उसळ खात होता. त्याने मान वर करून हेमालीकडे बघितलं आणि पुढचा घास घेतला. मला वाटलं, जेवण झाल्यावर निघेल. तो जेवण झाल्यावर झोपला.

एकदा शहापूरकडचा एक माणूस आला. त्याच्या टिलरच्या रोटरीची चेन तुटली होती. रोटरी म्हणजे मागची पाती, ती भातशेतीतला चिखल घुसळतात. चेन नसेल तर पाती फिरत नाहीत. त्याला स्टुलावर बसवलं. तो थोडा वेळ बसला, मग उठला आणि सोफ्यावर जाऊन आडवा झाला. म्हणाला, "चेन मिळेपर्यंत मी इथंच." समोर नवं गिऱ्हाईक सरबत पीत उभं. हर्षितने गोमाजीला डोळ्याने खूण केली. गोमाजीने मागे उभ्या असलेल्या कोऱ्या टिलरचं कव्हर खोललं, आतली चेन काढली, कव्हर परत बसवलं आणि वरून फडका मारला. "याला कंपनीतून मागवून घेऊ," हर्षित म्हणाला. मागवायचं राहून गेलं.

त्याच कोऱ्या टिलरवर पुढच्या आठवड्यात सरस्वतीबाईंनी हात ठेवला.

सरस्वतीबाई टिटवाळ्याच्या. घराणं आगरी, जुनं. घर मात्र नवीन, दुमजली, पुढे टाईल्स, जिन्याला स्टीलचा कठडा. आजूबाजूच्यांची शेतं बिल्डिंगींखाली गेली तशी त्यांचीही गेली. पोटापाण्याची काळजी नाही. एक खाचर मात्र त्यांनी ठेवलं होतं. दरवर्षी त्यात भात लावायचा, नवा तांदूळ निघाला की पहिला भात गावदेवीला आणि मग घरात. दुकानातला तांदूळ त्या खातात, नावंही ठेवत नाहीत. पण देवीपुढे विकतची पिशवी फोडायची त्यांना लाज वाटते.

इतकी वर्षं गावातला एक ट्रॅक्टरवाला चिखलणी करून द्यायचा. यंदा त्याने ट्रॅक्टरला पाण्याचा टँकर जोडला आणि नव्या बिल्डिंगींना पाणी पोचवायला लागला. त्याचंही बरोबर आहे, शेत वर्षातून एकदा नांगरायचं असतं आणि बिल्डिंगीला रोज तहान लागते.

त्यांचा मुलगा कमलेश. टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये पोराचं नाव आहे. त्याला त्या खाचरात टर्फ करायचं होतं, जाळी लावून, लाइट लावून. घरात वाद झाला आणि जेवताना मिटला. सरस्वतीबाई स्वतःची मशीन घेणार. यंदा लावणी झाली तर खाचर त्यांचं. नाही झाली तर पुढच्या वर्षी टर्फ, आणि त्यांनी त्यावर एक शब्द काढायचा नाही. "कबूल," त्या म्हणाल्या. कमलेशने आईचा शब्द फिरलेला कधी बघितला नव्हता, त्यामुळे त्याने तेव्हाच मनातल्या मनात पिच आखून टाकली.

मशीन न्यायच्या दिवशी सरस्वतीबाई हिरवं लुगडं नेसून, नारळ घेऊन आल्या. हर्षितने इंजिन सुरू करून दाखवलं. इंजिन उत्तम होतं. फेटा डोक्यात घातला, मला हातात दिलं, फोटो झाला. आणि मग जे झालं ते शोरूममध्ये आजवर झालं नव्हतं. सरस्वतीबाईंनी कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली, टिलरला हळदकुंकू लावलं आणि मलाही लावलं. कडीवर दोन बोटं हळद, दोन बोटं कुंकू. मग मला काखेत मारून त्या टेम्पोकडे निघाल्या.

हेमाली मागून धावली. "मावशी, ती द्या. ती फोटोपुरती असते."

सरस्वतीबाई थांबल्या. "फोटोपुरती? मंग मशीन पन फोटोपुरती हाय का?"

"तसं नाही मावशी. चावी आमच्या शोरूमची असते."

"मशीन माझी नि चावी तुझी, असा कवा असतंय? आनि आता कुंकू लागलं तिला. मशीन शेतात फिरल्याबिगर ती घराबाहेर जायची नाय. आमच्यात नाय चालत."

हेमालीने हर्षितकडे बघितलं. हर्षित फोनवर होता, समोर सोफ्यावर नवीन गिऱ्हाईक बसलं होतं. त्याने हातानेच सांगितलं, जाऊ दे, नंतर मागवून घेऊ. त्याचं नंतर म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. मी निश्चिंत मनाने टेम्पोत चढले. शहाडच्या पुलावर टेम्पो आदळला आणि माझा एक दात गेला, पण खरं सांगते, मला त्याचं काही वाटलं नाही. घरी मला देवघराशेजारी भिंतीला टेकवून ठेवलं. सकाळी देवांबरोबर मलाही एक फूल मिळालं. जन्मभर दाराच्या मागे काढल्यावर फूल मिळालं की काय वाटतं, ते दाराच्या मागे राहिलेल्यालाच कळेल.

दुसऱ्या दिवशी टिलर खाचरात उतरला. शेतात काय झालं ते मला घरी आलेल्या बोलण्यावरून कळलं. कमलेशने हँडल मारलं, इंजिन फटफटायला लागलं, चाकं चालली. मागची पाती ढिम्म. टिलर या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला आणि फिरायला आल्यासारखा परत आला. चिखल होता तसाच. बांधावर लावणीला बोलावलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांनी चहा घेतला आणि घरी गेल्या.

सरस्वतीबाईंनी शोरूमला फोन लावला. हेमाली म्हणाली, "माणूस निघालाय मावशी." सरस्वतीबाईंनी गोमाजीसाठी भाकरी जास्त टाकली. संध्याकाळी ती कुत्र्याला घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन, पुन्हा निघालाय, पुन्हा जास्तीची भाकरी. तिसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, म्हणजे देवाला म्हणाल्या पण मी शेजारीच होते, "काय, मानूस कल्यानवरना चालत निघालाय?"

मग कमलेशने कंपनीच्या नंबरवर तक्रार केली. तिकडून एक बाई फार गोड आवाजात म्हणाली, आम्हाला सेवेची संधी दिल्याबद्दल धन्यवाद. सरस्वतीबाई म्हणाल्या, "संधी दिली ना, मंग कर." बाईने पुन्हा धन्यवाद दिले. संध्याकाळी कमलेशच्या मोबाईलवर मेसेज आला की आमची सेवा कशी वाटली, तारे द्या. कमलेशने पाच तारे दिले. लगेच दुसरा मेसेज आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे.

"कशाला दिलेस पाच?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"सवय हाय आई. बिर्याणीवाल्याला देतो ना, बोट आपोआप गेलं."

तिकडे राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, भाताची रोपं वाढत होती. भाताचं रोप वेळेत उपटून लावलं नाही तर जून होतं, मग त्याला फुटवा येत नाही, लावलं काय नि न लावलं काय. रोज सकाळी त्या राबाकडे जाऊन यायच्या आणि आल्या की देवघरापुढे नुसत्या बसायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माझ्यासारख्या सनबोर्डच्या वस्तूला हे सांगायला थोडं अवघड जातं, पण मला त्या बाईची माया लागली होती. चेन कुठे गेली हे मला माहीत होतं, आणि सांगता येत नव्हतं.

एक दिवस कमलेश दुपारी घरी आला तर आई घरात नाही. खाचरात गेला. सरस्वतीबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून फावड्याने चिखल करत होत्या. एका कोपऱ्यात चटई पसरता येईल एवढा झाला होता.

"आई, वर ये," तो म्हणाला.

"तुझा काय, तुझा काम तर होतंयच," त्या म्हणाल्या आणि फावडं मारत राहिल्या.

कमलेश घरी येऊन खूप वेळ पायरीवर बसला होता. मित्रांचा फोन आला, टर्फचं काय झालं म्हणून. त्याने उचलला नाही.

त्याच्या दुसऱ्याच सकाळी शोरूममधून फोन आला. हो, तिकडून. सरस्वतीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पिठाच्या हातानेच फोन घेतला.

"मावशी, हेमाली बोलतेय. ती चावी तुमच्याकडे आहे ना?"

"हाय. देवाजवल हाय."

"हां, मग ती काढून ठेवा. माणूस निघालाय."

सरस्वतीबाईंनी फोन ठेवला आणि भाकरी जास्त टाकली नाही. आणि काय सांगू, भाकरी तव्यावरून उतरायच्या आत शोरूमची गाडी दारात. गोमाजी चपला काढून आत आला. तो शब्द खरा होताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"चावी न्यायला आलो वहिनी," तो म्हणाला.

"बस. चहा घे. माझी मशीन बघायला का नाय आलास?"

"त्याला कोन पाठवतंय? तक्रार बंद झाली ना तुमची. पाच तारे हायत." गोमाजीने बशीत चहा ओतला. मग त्याने सगळं सांगितलं. मी गेल्यापासून शोरूमची पंचाईत झाली होती. हर्षित वर्तकनगरला गेला तर निशाकडे पुन्हा कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस, छपाईच्या मशीनला श्वास घ्यायला वेळ नाही. म्हणून खोक्याच्या पुठ्ठ्याची चावी कापून पिवळी रंगवली. फोटोत ती चावीसारखी न दिसता सुरमईसारखी दिसली. कंपनीने फोटो परत पाठवला. विकलेली मशीन विकली असं धरलंच नाही, आणि उद्या आणखी एकाची मशीन द्यायची होती.

"माझ्या मशीनीला झालंय काय?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

गोमाजीने बशी खाली ठेवली. "चेन नाय त्यात. मीच काढलेली, दुसऱ्याला द्यायला."

कमलेश जिन्यात उभा होता, तो खाली आला.

"मंग आता?" सरस्वतीबाई म्हणाल्या.

"आता कंपनीतनं यायला पायजे."

"असा? मंग चावी पन कंपनीतनंच येऊ दे."

गोमाजी हसला. मनापासून हसला, मिशीला चहा लागला. त्याने हर्षितला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"ताई," हर्षित म्हणाला, "आज चावी द्या. चेन उद्या नक्की."

"शेठ, आज चेन दे. चावी उद्या नक्की."

"ताई, अहो विश्वास ठेवा."

"ठेवला ना. देवाजवल ठेवलाय, कुंकू लावून. बोल."

मग हर्षित म्हणाला, "गोमाजी, ये इकडे."

दुपारी गोमाजी चेन घेऊन परत आला. कव्हर खोललं, चेन चढवली. कमलेशने हँडल मारलं आणि पाती फिरली. संध्याकाळपर्यंत तो पोरगा स्वतः टिलरमागे चालला, कोणाला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या आणि दुपारच्या आत अख्खं खाचर लावून झालं. रोपं थोडी उंच झाली होती, पण जून नव्हती. कमलेश चिखलाचे पाय घेऊन थेट देवघरापर्यंत आला, फरशी खराब केली, आणि आईला म्हणाला, "टर्फ दुसरीकडे बघतो." सरस्वतीबाई फरशी पुसता पुसता रडल्या. डोळ्यांना पदर लावायलाही त्या थांबल्या नाहीत.

पण त्यांच्या डोक्यात एक किडा होता. आदल्या संध्याकाळी गोमाजी निघताना त्यांनी त्याला विचारलं होतं, "यवढ्या लवकर चेन आनलीस कुठनं?"

"उद्या ज्याची मशीन जायची हाय, त्यातली काढली."

"मंग त्याचा काय?"

"त्याला येईल कंपनीतनं," गोमाजी म्हणाला आणि गाडीत बसला.

म्हणून मला परत द्यायला त्या स्वतः निघाल्या. कमलेशने गाडी काढली. मी मागच्या सीटवर आडवी, कुंकवासकट. शोरूममध्ये मुरबाडकडचा एक शेतकरी उभा होता, काळुराम नाव. फेटा डोक्यावर चढलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट, शेजारी नवाकोरा टिलर. हर्षितचा चेहरा मला बघून इतका फुलला की विचारू नका. त्याने दोन्ही हात पुढे केले. "या ताई, या. हेमाली, सरबत आण."

सरस्वतीबाईंनी मला त्याच्या हातात दिलं नाही. त्या काळुरामसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ, तुझ्या मशीनीत चेन नाय. ती माझ्या मशीनीत हाय. मना काल कलालं."

काळुरामला आधी समजलंच नाही. त्याने टिलरकडे बघितलं, मग हर्षितकडे. हर्षित म्हणाला, "काका, कंपनीतून येणारच आहे. दोन दिवसांत नक्की."

"माझी रोपं तयार हायत," काळुराम हळूच म्हणाला. "दोन दिवसांत नाय आली तर मी काय करू?"

"माझी मशीन घेऊन जा, माझी लावणी झाली," सरस्वतीबाई म्हणाल्या. "पन आधी मी केला ता कर." आणि त्यांनी मला त्याच्या हातात ठेवलं. "घरी ने. हलदकुंकू लाव, देवाजवल ठेव. पाती फिरल्याबिगर सोडू नको."

"ताई, असं नका ना करू," हर्षित म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, दुःख होतं. पण फोटो तर काढायलाच हवा होता. हेमालीने काढला. गिऱ्हाईक, मशीन, फेटा, चावी, चौघं एका फोटोत. फोटो झाल्यावर काळुरामने फेटा काढून दिला आणि मला काखेत मारलं. सरस्वतीबाई सोफ्यावर बसल्या आणि सरबत घेतलं. मशीन घेतलेलं माणूस सोफ्यावर बसलेलं मी दुसऱ्यांदाच पाहिलं, आणि हे बसलेलं होतं, झोपलेलं नव्हतं.

तर सध्या मी काळुरामच्या घरी आहे. भाताच्या कणगीला टेकून उभी आहे. एक दात कमी, सोनेरी कागद कडेने सुटायला लागलाय, आणि कुंकवाचा थर आता दोन घरांचा आहे. 'अभिनंदन' मधला 'अ' हळदीखाली गेलाय, पण वाचणाऱ्याला कळतं. फूल रोज मिळतं.

तुम्हाला एकच सांगणं आहे. कधी मशीन घ्यायला त्या रस्त्याला आलात, तर सरबत घ्या, फोटोत हसा, फेटा परत द्या. मला मात्र परत देऊ नका. हेमाली मागून धावत येईल, तिच्यावर चिडू नका, पोरगी गोड आहे. फक्त टेम्पो शहाडच्या पुलावर जरा हळू घ्यायला सांगा.

आज सकाळी शोरूममधून फोन आला होता. "काका, चावी आहे ना? माणूस निघालाय." काळुरामच्या बायकोने चहा टाकलाय. आत्ताच दारात गाडी थांबली. गोमाजी चपला काढतोय. त्याच्या हातात पिशवी आहे, तिच्यात काहीतरी जड आहे आणि ते खुळखुळतंय. कोणाच्या मशीनमधून काढून आणलंय ते मला ठाऊक नाही. पण काळुराम ते गोमाजीला विचारेलच, आणि माझं पुढचं घर ठरेल.